शिशाचे ८८ केईव्ही जातात कुठे?

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. कॉम्प्टनच्या प्रयोगात (इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरलेल्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा कोनागणिक मोजायची) त्याने किरणोत्सारी सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ऊर्जेचं एकक) गॅमा किरणांसमोरची ॲल्युमिनियमची कांडी काढून शिशाची ठेवली. ९० अंशांवरचा पीक (ऊर्जेच्या आलेखातला उंचवटा) २८८ केईव्हीच्या आसपासच राहिला, काउंट (मोजलेल्या फोटॉनांची संख्या) मात्र धडाधड पडले. शिशाच्या के-कवचातले, म्हणजे सगळ्यात आतल्या कवचातले, इलेक्ट्रॉन तर ८८ केईव्हीने बांधलेले असतात आणि कॉम्प्टनचं सूत्र मुक्त, स्थिर इलेक्ट्रॉनसाठी आहे. मग ते ८८ केईव्ही गेले कुठे? आणि ७५ केईव्हीजवळ जो नवा पीक उगवला, तोच घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. का नाही, ते शेवटी सांगतो, कारण त्या पीकने मलाही एकदा चांगलंच फिरवलं आहे.

आधी डोकी मोजा. शिशाच्या अणूत ८२ इलेक्ट्रॉन. के-कवचात २, एलमध्ये ८, एममध्ये १८, आणि उरलेले ५४ त्याबाहेर. के ८८ केईव्हीने बांधलेले, एल १३ ते १६ ने, एम अडीच ते चारच्या दरम्यान, आणि बाहेरचे सगळे १ केईव्हीच्याही आत. ९० अंशांवर ६६२ चा फोटॉन २८८ चा होऊन निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पदरात ३७४ केईव्ही पडतात. ज्याला ३७४ मिळाले त्याला घराबाहेर पडायला ४ द्यावे लागले काय आणि अर्धा द्यावा लागला काय, सारखंच. असे ७२ इलेक्ट्रॉन आहेत. तुम्हाला दिसलेला पीक मुख्यतः त्यांचा. के-कवचाचे दोन त्यात असूनही नसल्यासारखे आहेत, आणि ते नेमके कुठे लपले हीच खरी गंमत आहे. काउंट पडण्याचं कारण मात्र साधं आहे. २८८ केईव्हीचे फोटॉन शिशात साधारण दीड मिलिमीटर गेले की निम्मे उरतात. तुमच्या कांडीने विखुरलेले फोटॉन स्वतःच गिळले.

आता मूळ मुद्दा. ‘घट्ट बांधलेला’ हे इलेक्ट्रॉनचं कायमचं विशेषण समजून आपण प्रश्न विचारतो आणि तिथेच फसतो. गोठ्यातलं वासरू दाव्याला बांधलेलं असतं; त्याने हळूच मान हलवली तर दाव्यासकट खुंटा जागच्या जागी राहतो, उधळून हिसडा दिला तर खुंटा उपटून येतो. दावं तेच असतं, फरक हिसड्याचा. गॅमाच्या बाबतीतही येणाऱ्या फोटॉनची ऊर्जा किती हे विचारायचं नाही. या टकरीत इलेक्ट्रॉनला हिसडा किती बसला, म्हणजे किती ऊर्जा आणि किती संवेग हस्तांतरित झाला, ते विचारायचं.

उदाहरण घ्या. तोच ६६२ केईव्हीचा दणकट फोटॉन ५ अंशांतून वळला तर सूत्राप्रमाणे तो इलेक्ट्रॉनला देतो जेमतेम सव्वातीन केईव्ही. एवढ्यात शिशाचा के किंवा एल इलेक्ट्रॉन जागचा हलणार नाही. एमचेही काही हलतील, काही नाही. सूत्रातून मिळणारा हिसडा ८८ ला पोचतो तो साधारण २८ अंशांवर. म्हणजे एकाच बीममध्ये, एकाच टार्गेटमध्ये, तोच के इलेक्ट्रॉन लहान कोनांत पक्का बांधलेला असतो आणि मोठ्या कोनांत बऱ्यापैकी मोकळा. पुस्तकात ‘ऊर्जा बंधन ऊर्जेपेक्षा खूप जास्त असेल तर इलेक्ट्रॉन मुक्त मानावा’ असं एक वाक्य असतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. लहान कोनांत ते सपशेल पडतं.

म्हणून १९२९ चं क्लाइन आणि निशिना यांचं मुक्त इलेक्ट्रॉनचं सूत्र प्रत्यक्ष अणूंना लावताना त्याला एका गुणकाने गुणतात. हिसडा शून्याकडे गेला की हा गुणकही शून्याकडे जातो. हिसडा खूप मोठा झाला की तो अणुक्रमांकाइतका होतो, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन मोजणीत येतात. मधल्या भागात आधी बाहेरचे, मग आतले, असे एकेक कवच ‘मोकळं’ होत जातं.

हिसडा पुरेसा नसेल तर फोटॉन वळतच नाही, असं मात्र नाही. तो वळतो, पण संवेगाचा हिशेब एकटा इलेक्ट्रॉन चुकवत नाही, सबंध अणू चुकवतो. शिशाचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा जवळजवळ पावणेचार लाख पट जड. ६६२ चा फोटॉन ९० अंशांत वळून सगळा धक्का अणूला देऊन गेला, तरी अणूच्या वाट्याला ऊर्जा येते ती दोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. कोणत्याही डिटेक्टरला ती दिसणार नाही. फोटॉन ६६२ चा ६६२ च निघतो. हेच रॅले प्रकीर्णन (विखुरणं).

इथे पाठ्यपुस्तकातला एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मी तोंडी परीक्षांत तो वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. आर्थर कॉम्प्टनने १९२३ मध्ये मॉलिब्डेनमचे क्ष-किरण, साधारण साडेसतरा केईव्हीचे, ग्राफाइटवर सोडले तेव्हा त्याला दोन रेषा मिळाल्या: एक तरंगलांबी वाढलेली, एक न बदललेली. विद्यार्थी सांगतात, ‘न बदललेली रेषा आतल्या घट्ट इलेक्ट्रॉनांची, बदललेली बाहेरच्या सैल इलेक्ट्रॉनांची.’ ऐकायला छान वाटतं, पण इलेक्ट्रॉनांची अशी वाटणी झालेली नसते. प्रत्येक इलेक्ट्रॉनसमोर दोन्ही शक्यता असतात: जागेवर राहून फोटॉन वळवणं किंवा जागा सोडणं. न बदललेल्या रेषेत सगळे इलेक्ट्रॉन भाग घेतात आणि त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून बेरीज होते; आधी बेरीज, मग वर्ग. म्हणून अगदी लहान कोनात रॅलेची तीव्रता अणुक्रमांकाच्या वर्गाने वाढते, तर कॉम्प्टनची फक्त अणुक्रमांकाने. कार्बनमध्ये हा फरक सौम्य. शिशात तो इतका मोठा की ६० केईव्हीला रॅलेची शक्यता कॉम्प्टनच्या काही पट भरते (आणि प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे फोटॉन पुरता गिळून इलेक्ट्रॉन सुटणं, त्या दोघांनाही मागे टाकतो, ते वेगळं). हेच गुणोत्तर उलटं वापरून पदार्थाचा सरासरी अणुक्रमांक काढता येतो. हाडांची घनता मोजण्यासाठी अमेरिशियम-२४१ चा सोर्स घेऊन हे करून पाहिलेलं आहे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. रॅलेचे फोटॉन बहुतेक पुढच्याच दिशेने जातात. ६६२ केईव्ही आणि शिसं यांच्या बाबतीत बहुतांश १० अंशांच्या आतबाहेर. पण तुम्ही ९० अंशांवर चिकाटीने बसलात, तर तिथेही ६६२ वर एक बारीकसा पीक उभा राहतो. कॉम्प्टनच्या मानाने फारच दुर्मिळ, पण असतो. तो कोणाचा? मुख्यतः के-कवचाच्या त्या दोघांचा.

कारण असं. ऊर्जा न गमावता ९० अंशांत वळायचं तर ६६२ च्या फोटॉनला ९३० च्या वर (एकक: केईव्ही भागिले प्रकाशाचा वेग) संवेग कुठेतरी टाकावा लागतो. पसरट, सैल इलेक्ट्रॉनमेघ एवढा धक्का न फाटता अणुकेंद्रापर्यंत पोचवू शकत नाही. के इलेक्ट्रॉन पोचवू शकतो. शिशात त्याची कक्षा सुमारे ०.६५ पिकोमीटरची, हायड्रोजनच्या कक्षेचा ८२ वा हिस्सा, आणि अनिश्चितता तत्त्वाप्रमाणे जेवढं घर लहान तेवढी आतली धावपळ जास्त. त्याचा स्वाभाविक संवेगच ३०० च्या घरात. म्हणजे ‘घट्ट बांधलेला’ याचा दुसरा अर्थ ‘अतिशय वेगाने फिरणारा’ असा होतो. दावं आखूड असलं की वासरू खुंट्याभोवती गरगर फिरतं तसं. ही दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीची आहेत हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

या विषयात आपल्या पवईच्या आयआयटीत फार मोठं काम झालं आहे, आणि ते मराठी वाचकांत जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. प्रा. पी. पी. काणे यांनी तिथे गॅमा किरणांच्या अशा ऊर्जा न बदलणाऱ्या प्रकीर्णनाची मोजमापं केली, कोबाल्ट-६० च्या ११७३ आणि १३३२ केईव्हीपर्यंत. १९८६ मध्ये काणे, किसेल, प्रॅट आणि रॉय या चौघांनी मिळून या विषयाचा जो विस्तृत आढावा लिहिला, तो मी अजून हाताशी ठेवतो. १९९२ मध्ये काणे यांनी आतल्या कवचांवरून ऊर्जा गमावून होणाऱ्या प्रकीर्णनाचाही असाच आढावा घेतला. तुमच्या प्रश्नाचं खरं घर तिथे आहे. मोठ्या कोनात आणि मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पल्ल्यात आणखी भिडू येतात: अणुकेंद्र स्वतः फोटॉन वळवतं, आणि अणुकेंद्राच्या विद्युत क्षेत्रावरून होणारं डेलब्रुक प्रकीर्णनही त्यात मिसळतं. ऊर्जा तीच, म्हणून या सगळ्यांच्या लहरींची बेरीज होते आणि डिटेक्टरला वेगळं काही दिसत नाही. वेगळं करायचं काम गणिताचं.

आता तुमचा मूळ प्रश्न: के इलेक्ट्रॉन खरोखर उडवला गेला तर फोटॉन कोणत्या ऊर्जेने निघतो? अपेक्षा असते की २८८ मधून ८८ वजा होऊन २०० वर एक पीक मिळेल. मिळत नाही. मुक्त इलेक्ट्रॉनच्या टकरीत दोनच खेळाडू असतात, त्यामुळे कोन ठरला की ऊर्जा ठरली. बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या टकरीत तिसरा खेळाडू असतो, अणुकेंद्र. ते ऊर्जा जवळपास घेत नाही पण संवेग हवा तेवढा घेतं. कोन आणि ऊर्जा यांची गाठ सुटते. एकच मर्यादा शिल्लक राहते: फोटॉनने किमान ८८ गमावलेच पाहिजेत, म्हणजे तो ५७४ च्या वर असूच शकत नाही. त्याच्याखाली शून्यापर्यंत कुठेही. १० अंशांवर सूत्र ६४९ सांगतं. के इलेक्ट्रॉन उडवणारा फोटॉन तिथे मिळणं ऊर्जेच्या हिशेबानेच अशक्य. तो मिळालाच तर ५७४ च्या खाली मिळेल, आणि क्वचितच.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हाच परिणाम डॉप्लरचा म्हणता येतो. इलेक्ट्रॉन स्थिर नाही, तो फोटॉनकडे धावत असेल तर ऊर्जा एका बाजूला सरकते, पळत असेल तर दुसऱ्या. सैल इलेक्ट्रॉनांसाठी हे सरकणं किती? अमेरिशियम-२४१ चा ५९.५ केईव्हीचा फोटॉन मागे फिरून आला तर ४८.३ चा होतो, आणि इलेक्ट्रॉनच्या संवेगाचं एक अणुएकक (हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनचा स्वाभाविक संवेग) त्याला साधारण ०.६४ केईव्हीने सरकवतं. जर्मेनियम डिटेक्टरला एवढं सहज कळतं. शिशाच्या के इलेक्ट्रॉनचा स्वाभाविक संवेग मात्र अशी ८० एककं! तिथे पीक रुंद होतो म्हणण्यात अर्थ नाही. पीक उरतच नाही. शेकडो केईव्हीवर पसरलेला एक पठारासारखा भाग होतो, तुमच्या २८८ च्या पीकखाली चादर अंथरल्यासारखा. ८२ पैकी २ इलेक्ट्रॉनांची चादर, त्यात तुमचा सोडियम आयोडाइड डिटेक्टर स्वतःच या ऊर्जेला वीस-तीस केईव्ही रुंदी देतो. न दिसण्यात तुमचा दोष नाही.

(सैल इलेक्ट्रॉनांच्या या रुंदीतूनच एक वेगळी शाखा निघाली. १९२९ मध्ये ड्यूमंड या भौतिकशास्त्रज्ञाने बेरिलियमवरून विखुरलेल्या रेषेची रुंदी मोजली आणि ती धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या फर्मी-डिरॅक वितरणाशी (क्वांटम नियमांनी ठरणाऱ्या वाटणीशी) जुळली. जुन्या अभिजात वायूशी नाही. आपल्याकडे जयपूर आणि उदयपूर इथल्या गटांनी अमेरिशियम आणि सीझियमचे सोर्स वापरून कितीतरी धातू आणि संयुगांचे असे आलेख काढले आहेत.)

मग के इलेक्ट्रॉनांचं प्रकीर्णन वेगळं मोजतात कसं? युक्ती सुंदर आहे. के इलेक्ट्रॉन उडाला की तिथे रिकामी जागा होते, आणि शिशासारख्या जड मूलद्रव्यात शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा ती भरताना के क्ष-किरण बाहेर पडतो. एक डिटेक्टर ठरावीक कोनावर विखुरलेला गॅमा पाहतो, दुसरा टार्गेटजवळ बसून हा क्ष-किरण पाहतो. दोघांनी एकाच क्षणी हात वर केला तरच काउंट घ्यायचा. कॉइन्सिडन्स.

सांगायला चार ओळी, करायला महिने. उडालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन टार्गेटमध्येच दुसऱ्या अणूवर आदळून तिथला के इलेक्ट्रॉन काढू शकतो, आणि तो खोटा काउंट खऱ्यासारखाच दिसतो. म्हणून टार्गेट वर्ख असावा तसा पातळ घ्यायचा, दोन-चार जाडींवर मोजायचं आणि शून्य जाडीकडे ओढून न्यायचं. पातळ टार्गेट म्हणजे काउंट कमी, काउंट कमी म्हणजे आठवडे जास्त, आणि आठवडे जास्त म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा पीक सरकतो. ज्याने हे केलं आहे त्याला पगार कशाचा मिळतो ते कळतं.

निकाल काय येतात? लहान कोनांत के इलेक्ट्रॉनची शक्यता मुक्त इलेक्ट्रॉनच्या कितीतरी खाली असते, कोन वाढला की ती वर चढते. इथवर हिसड्याच्या तर्काने चालतं. जड मूलद्रव्यांच्या काही मोजमापांत मात्र ती मुक्त इलेक्ट्रॉनच्याही वर गेलेली आहे. यावर बराच खल झाला, आणि माझ्या मते त्यातला मोठा वाटा खालच्या ऊर्जेच्या फोटॉनांचा आहे. विखुरलेला फोटॉन जसजसा दुबळा होत जातो, तसतशी गणितातली शक्यता ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात फुगत जाते, आणि शून्याजवळ ती अनंताकडे पळते. निसर्गात अर्थातच काही अनंत होत नाही. अतिदुबळा फोटॉन सोडून के इलेक्ट्रॉन उडवणं आणि साधा प्रकाशविद्युत परिणाम यांच्यात तिथे भेदच करता येत नाही; दोन्ही एकत्र हिशेबात घेतले की अनंत जातं. भर म्हणून, प्रकाशविद्युत परिणामातून सुटलेला इलेक्ट्रॉन टार्गेटमध्ये ब्रेक लागून जे क्ष-किरण सोडतो, तेही नेमके याच भागात पडतात, आणि त्यांच्यासोबतही के क्ष-किरण असतोच. म्हणून ‘के-कवचाची एकूण शक्यता अमुक’ असा आकडा कोणी दिला, तर पहिला प्रश्न विचारा: किती केईव्हीच्या वरचे फोटॉन मोजले? उत्तर नसेल तर आकडा बाजूला ठेवा.

सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी एकच सूचना. जिआंट४ या कणांच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं क्लाइन-निशिना मॉडेल निवडलं तर यातलं काहीच दिसणार नाही. लिव्हरमोर किंवा पेनेलोपी ही मॉडेलं घ्या, त्यांत बंधन आणि डॉप्लर दोन्ही आहेत. पण तीही ‘धक्का इतका झटपट की त्या क्षणी बंधन जाणवतच नाही’ या गृहीतावर उभी आहेत. हिसडा ८८ च्या आसपासचा असेल तेव्हा शिशाच्या के-कवचासाठी ते गृहीत डळमळतं. सिलिकॉनमध्ये के-बंधन १.८ केईव्हीचं, तिथे निर्धास्त राहा. कॉम्प्टन कॅमेऱ्यात (विखुरण्यावरून गॅमाची दिशा शोधणाऱ्या उपकरणात) जर्मेनियमपेक्षा सिलिकॉनमध्ये डॉप्लरची धूसरता कमी असते ती याच कारणाने.

आता तुमचा ७५ केईव्हीचा पीक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला असाच पीक दिसला, आणि मी दोन दिवस त्यावर बांधलेल्या इलेक्ट्रॉनचं गणित रचत बसलो. कोन बदलला तरी पीक हलत नव्हता, हे मी वहीत लिहूनही ठेवलं होतं आणि त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता. एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप घेऊन आले, आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘टार्गेट काढून बघ.’ काढलं. पीक तिथेच.

शिशाचे के क्ष-किरण ७२.८ आणि ७५ केईव्हीवर येतात, थोडे ८५ च्या आसपास. सोडियम आयोडाइडला पहिले दोन एकच दिसतात. माझ्या बाबतीत ते शील्डिंगच्या, म्हणजे किरण अडवायला रचलेल्या शिशाच्या, विटांमधून येत होते. तुमच्याकडे काही विटांमधून, काही कांडीमधून येत असतील. आणि त्यांतले बहुतेक प्रकीर्णनातून नव्हे, प्रकाशविद्युत परिणामातून आलेले, कारण फोटॉन पुरता गिळायचा तर अणुकेंद्राचा आधार लागतो आणि तो सगळ्यात जास्त के इलेक्ट्रॉनला आहे. कॉम्प्टनला जो अवघड, तोच प्रकाशविद्युत परिणामाला सगळ्यात सोपा.

तेव्हा उद्या प्रयोगशाळेत गेलात की आधी कांडी काढून तेवढ्याच वेळाचा आलेख घ्या आणि वजा करा. मग शिशाच्या विटांना डिटेक्टरच्या बाजूने एक-दोन मिलिमीटर कथिलाचा आणि त्यावर तांब्याचा पत्रा लावा. विटांचे क्ष-किरण कथील खाईल, कथिलाचे तांबं. त्यानंतरही ७५ वर जे उरेल ते तुमच्या कांडीचं. कांडीऐवजी पातळ पत्रा मिळाला तर २८८ चे काउंटही बरेच परत येतील.